आवाज कधी येतो?

आमच्या निपाणीच्या घरात पाटल्या मोडून दोन यंत्रं आली. सासूबाईंनी त्यांच्या मोडल्या तेव्हा पिठाची गिरणी आली, आणि मी माझ्या मोडल्या तेव्हा थोरल्याचं लोडर. गिरणी नवी होती. लोडर जुनं, दुसऱ्यानं वापरलेलं.

लोडर म्हणजे रस्त्याच्या कामावर दिसतं ते मोठं पिवळं धूड नव्हे. हे बुटकं, चार चाकांचं, पुढे बकेट आणि मधे लोखंडी पिंजरा. आत एकच माणूस मावतो. याची चाकं मोटारीसारखी वळत नाहीत. डावीकडची चाकं थांबवून उजवीकडची पळवली, की यंत्र घसरत घसरत जागच्या जागी फिरतं. अडचणीच्या जागेत म्हणूनच ते कामाला येतं. एका साखर कारखान्याच्या आवारात उसाचा भुसा गोळा करायचं काम थोरल्याला मिळालं होतं. दिवाळी झाली की हंगाम सुरू होणार. आणि आठ दिवस आधी यंत्र वाजायला लागलं. सरळ चालताना कट्... कट्... आणि मग ठक्!

ह्यांचा आधीपासूनच विरोध होता. "जुनं घेऊ नको म्हटलं होतं," एवढं एकच वाक्य ते बोलले. दिवस मावळायच्या आत आमची जेवणं होतात. त्या संध्याकाळी ताटावर कुणी दुसरा शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी कागलहून मिस्त्री आला. त्यानं अंगणातल्या काँक्रीटवर यंत्र दोनदा पुढेमागे घेतलं आणि खाली उतरून हात पुसले. "चेनी गेल्यात. चारी बदला. स्प्रॉकेटबी बदला, नाहीतर नव्या चेनी जुने दात खाऊन टाकतील. पेटी उघडाय लागंल. दीड लाखाच्या घरात जाईल बघा."

थोरल्यानं माझ्या हातांकडे बघितलं नाही. तो बघत नाहीय, हे मला दिसलं.

मी दळणाच्या पिठानं माखलेली तशीच बाहेर आले आणि विचारलं, "आवाज कधी येतोय?"

"सारखाच येतोय की काकी."

"सारखा नाही येत. काल यानं मागच्या परड्यात चिखलातनं काढलं, तेव्हा मी खिडकीत होते. तेव्हा नाही वाजलं."

हे मला सासूबाईंनी शिकवलेलं. गिरणी कुरकुरली की त्या पाना हातात घ्यायच्या आधी विचारायच्या, रिकामी वाजते की दळण घातल्यावर? रिकामीच घरघरत असेल तर बेअरिंग बघायचं. दाणे पडल्यावर चिरकत असेल तर पट्टा घसरतोय. काय वाजतंय हे शोधायच्या आधी कधी वाजतंय ते लिहून काढायचं. निम्मं दुखणं तिथंच कळतं.

मिस्त्री चांगला माणूस. रागावला नाही. त्यानं टोपी मागं सारली आणि आतली रचना मला समजावून सांगितली. प्रत्येक बाजूला एक हायड्रॉलिक मोटर. तिच्या स्प्रॉकेटवरून एक चेन पुढच्या चाकाला जाते, एक मागच्या. अशा डाव्या बाजूला 2, उजव्या बाजूला 2, आणि सगळ्या तेलाच्या पेटीत. चेन लांबते म्हणतात, पण लोखंड काही ताणत नाही. कड्यांतल्या पिना झिजतात आणि झीज साचत साचत चेन ढिली होते. मग पुढून उलटं घेताना ती पेटीला थडकते.

"मग उलटं घेतानाच जास्त वाजायला पाहिजे," मी म्हटलं. "हे तर सरळ चालताना वाजतंय."

तो गप्प झाला. म्हणाला, "चला, बघूया."

बकेट जमिनीला टेकवली, इंजिन बंद केलं, किल्ली मी कनवटीला लावली. जॅकनं यंत्र उचललं आणि नुसत्या जॅकवर भरवसा नको म्हणून पोटाखाली जाड ओंडके रचले. चारी चाकं अधांतरी. मिस्त्रीनं एकेक टायर धरून हातानं पुढेमागे हलवलं. चेन फार ढिली असेल तर चाक मोकळं डुलतं आणि मग खट्कन अडतं. उजवीकडची दोन्ही जेमतेम हलली. डावीकडची थोडी जास्त. मग पेटीतलं थोडं तेल पांढऱ्या ताटलीत काढलं. काळं होतं, पण पाणी शिरल्याचा दुधाळपणा नव्हता. बोटाला बारीक चमक लागली. लोखंडाचे तुकडे मात्र नव्हते.

तेव्हा माझं लक्ष टायरांकडे गेलं. पुढची दोन कोरी करकरीत, खोल नक्षीची. मागची दोन गुळगुळीत. घेताना त्या नव्या टायरांकडे बघूनच आम्ही खूश झालो होतो. मी घरातून सुतळी आणली. पुढच्या टायरला गुंडाळून मोजली, 242 सेंटीमीटर. मागच्याला 231.

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. एका बाजूची दोन्ही चाकं चेनींनी एकमेकांना बांधलेली. एकानं एक फेरा मारला की दुसऱ्यानंही एकच मारायचा. पण पुढचं एका फेऱ्यात 242 चालायला बघतं, मागचं 231. वीस फेऱ्यांत दोन मीटरांवर फरक! चिखलात टायर घसरून तो फरक मिटतो. काँक्रीटवर रबर जमीन सोडत नाही. सगळा ताण चेनींवर साचतो, सोसवेनासा झाला की टायर एकदम सुटतं, ठक्.

खात्री करायला खर्च नव्हता. दोन्ही नवी टायरं डावीकडे घातली, दोन्ही जुनी उजवीकडे. यंत्र उजवीकडे ओढायला लागलं, ते तर होणारच. पण काँक्रीटवर सरळ चालताना गप्प. थोरल्यानं अंगणात सहा चकरा मारल्या. सहाव्या चकरेला तो माझ्याकडे बघून हसला.

आम्ही पुढच्या टायरांच्याच मापाची दोन टायरं घेतली, चारींत हवा सारखी भरली, पेटीत नवं तेल घातलं. विकणाऱ्यानं मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याची पुढची दोन झिजली असतील, त्यानं दोनच बदलली. पण तुमच्या घरात असं जुनं लोडर येणार असेल, तर रंगाकडे आधी बघू नका. सुतळी घेऊन जा. एका बाजूची पुढची-मागची चाकं मोजा. फरशीवरही चालवून बघा आणि मातीतही. पेटीतलं तेल तुमच्यासमोर काढायला लावा. आणि घरातली बाई काही ऐकू येतंय म्हणाली, तर तिला आधी बोलू द्या.

सगळंच मिटलं असं नाही. डाव्या बाजूला उलटं घेताना अजून एक बारीक ठोका येतो. ती चेन खरंच झिजली आहे, इतके दिवस ताण सोसून आणखी. मिस्त्री म्हणाला, हंगाम निघेल, पण कान ठेवा.

त्या संध्याकाळी जेवताना ह्यांनी विचारलं, "वाजतंय अजून?"

"डावीकडं थोडं," थोरला खाली बघत म्हणाला.

ह्यांनी भाकरी मोडली. "हंगाम झाला की बदलू," म्हणाले.

'बदल' नाही, 'बदलू' म्हणाले. मी थोरल्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.