दारावरची थाप

सिडनीस लेकीकडे राहिलो तेव्हा शेजारच्या सरकारी घरातल्या आजीबाईंशी ओळख झाली. त्या तिथल्या मूळ लोकांपैकी. मागच्या दाराची कडी मोडलेली; जावई पिऊन येई त्या रात्री सारे घर दाराशी टेबल ओढून जागत बसे.

“कचेरीत कळवा की!” मी शहाणपणाने म्हणालो.

“कडी पाहायला येणारा मुलंही पाहून जातो.”

मूळ लोकांची मुले आईबापांपासून तोडणारे तिथले सरकारी मंडळ १९६९ साली मोडीत निघाले. २००८ साली पंतप्रधान रड यांनी संसदेत क्षमाही मागितली. आजीबाईंची थोरली बहीण मात्र परतली नाही.

शेवटी कडी मीच बसवली. आजीबाईंनी ती तीनदा लावून पाहिली. तोच पुढच्या दारावर थाप पडली. माझीच लेक, मला जेवायला बोलवायला आलेली. पण नातवंडे केव्हाच पलंगाखाली शिरली होती.