रेवस : पाण्याच्या वेळेवर चालणारे बंदर

मुंबई पाहिलेले पुष्कळ जण तुमच्या गावात असतील. पण त्याच मुंबईच्या समोर, पाण्याच्या या अंगाला असलेले रेवस बंदर फार थोड्यांनी पाहिले असेल. रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्याचे हे उत्तर टोक. येथे धरमतरची खाडी समुद्राला मिळते. अलिबागहून एस.टी.ने निघालात की चोंढी मागे पडते, कनकेश्वरचा डोंगर दिसतो, मग भातखाचरे, वाड्या, आणि शेवटी वाऱ्याला सुक्या मासळीचा वास येऊ लागतो. रस्ता संपतो तो थेट धक्क्यावर.

धक्क्यावर उतरल्यावर प्रथम घड्याळ विसरावे. रेवसला घड्याळ चालते ते भरती-ओहोटीचे. बंदरात गाळ फार साचतो. पाणी उतरले की जिथे सकाळी होड्या डोलत होत्या तिथे काळा चिखल उघडा पडतो आणि लाँच धक्क्याला लागणे अवघड होते. मी भर ओहोटीच्या वेळी पोहोचलो होतो. शेजारी मासळीची पाटी घेऊन बसलेल्या कोळीणबाई म्हणाल्या, "दादा, आता बसून ऱ्हा. पाणी येईल तवा लाँच येईल." आणि त्या निवांत बसल्या होत्या. ताटकळत बसणे हा शब्द त्यांच्या बसण्याला शोभला नसता.

ही पाण्याची वेळ काढायची एक सोपी रीत किनाऱ्यावर चालते. आपल्या घरी पंचांग किंवा दिनदर्शिका असतेच. त्या दिवशीची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता भरती पुरी होते. अमावास्या-पौर्णिमेला ती दुपारी व मध्यरात्री बाराच्या आसपास येते. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. थोडे मागेपुढे होते, पण प्रवाशाला तेवढे पुरते. अमावास्या-पौर्णिमेचे पाणी जोराचे, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराचे पाणी मंद, त्याला भांग म्हणतात. पावसाकडे पाहून पेरणी ठरवणाऱ्या आपल्या माणसाला हे गणित पटकन कळेल.

उधाणाशी इथल्या शेतकऱ्याचेही वैर आहे. खाडीकाठची भातशेती खारजमिनीत उभी आहे. समुद्राचे पाणी अडवायला मातीचे बांध, आणि पावसाचे पाणी बाहेर सोडायला त्यांत उघाड्या. उधाणात बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते, आणि मग नुकसान एका हंगामाचे नसते. मीठ पुरते धुऊन निघेपर्यंत जमीन पीक देत नाही. पूर्वी गावकरी सारे मिळून बांध राखत. आपल्याकडे विहिरीला पाणी नाही म्हणून रडणे, इथे पाणी फार जवळ म्हणून!

रेवसला जाऊन 'रामदास' बोटीची आठवण निघाली नाही असे होत नाही. १७ जुलै १९४७, आषाढाची अमावास्या. सणासाठी घरी निघालेली माणसे सकाळी भाऊच्या धक्क्यावर 'रामदास' आगबोटीत बसली. बोट रेवसला यायची होती. वाटेत काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांनी तिला गाठले. पाणी आत आले, घाबरलेले लोक एका बाजूला धावले आणि बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते, त्यामुळे मुंबईला बातमी कळायला कित्येक तास गेले. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांनी बुडणारी माणसे पाहिली, आपल्या होड्यांतली मासळी समुद्रात फेकून दिली आणि त्या जागेवर माणसे घेतली, असे या किनाऱ्यावर सांगतात. दिवसाची कमाई पाण्यात टाकणे म्हणजे काय, हे कष्टकरी घरात वेगळे सांगायला नको.

धक्क्यावरून समोर पाहिले की खाडीपलीकडे उरण तालुक्यातले करंजा दिसते. तरीने पाव तासाचा प्रवास. जमिनीने जायचे तर वडखळ-पेणवरून मोठा वळसा. म्हणून तरीवर सगळेच चढतात: भाजीच्या टोपल्या, सासरी निघालेल्या मुली, मोटारसायकली. या खाडीवर पूल व्हावा, ही कल्पना १९८० च्या सुमारास बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाबरोबर पुढे आली. मधली चार दशके ती कागदावरच राहिली, आणि अलीकडे कोठे काम हाती घेतले आहे. पूल झाला की आजारी माणूस रात्री-अपरात्री पलीकडे नेता येईल, भाजी वेळेवर बाजारात जाईल. तो हवाच. मात्र तरीवर पोट असणाऱ्या खलाशांनी आणि धक्क्यावरच्या चहावाल्याने पुढे काय करावे, हे मला कोणी सांगितले नाही. पुलासोबत जमिनीचे भाव चढतील ते निराळेच. अलिबागकडच्या कित्येक खाचरांवर आधीच बंगल्यांची कुंपणे उभी आहेत.

तुम्ही जाणार असाल तर थंडी सरताना जा. पावसाळ्यात धोक्याचा बावटा लागला की लाँच बंद राहते. उन्हाळ्याच्या तोंडाशी अलिबागच्या वाटेवर पांढऱ्या कांद्याच्या माळा विकायला टांगलेल्या दिसतील. हा कांदा गोडसर, तिखटपणा कमी. त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. माळ घेताना गाठी घट्ट आहेत ना पाहा, आणि घरी वाऱ्यावर टांगून ठेवा. आणि हो, निघण्याआधी तिथी पाहायला विसरू नका.