मधला स्पीकर



गेल्या पावसाळ्यात आमचा जुना होम थिएटरचा रिसीव्हर बंद पडला. मेकॅनिकने झाकण उघडलं, तर आत पालीचं एक पिल्लू मरून वाळलेलं. मालवणच्या पावसात बाहेर सगळं गार, ओलं. हे यंत्र मात्र रात्रभर कोमट. ऊब शोधत ते जाळीतून आत शिरलं असणार. आईंनी (माझ्या सासूबाईंनी) उभ्या उभ्याच णमोकार म्हटला आणि म्हणाल्या, "आता नको गं ते यंत्र घरात."

पण खरी गरज त्यांनाच होती. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं. चातुर्मासात मुनींची प्रवचनं टीव्हीवर लावली की विचारायच्या, "काय पुटपुटतायत?" आवाज वाढवावा तर पेटी-तबला घर डोक्यावर घेणार आणि बोलणं तसंच पुसट.

म्हणून दिवाळीनंतर आम्ही कणकवलीला गेलो. ह्यांना 7.2 हवा होता, छताला स्पीकर लावायचे होते. म्हटलं, "अहो, आपलं छत कौलारू. स्पीकर काय वाशाला टांगणार?" 5.1 वर तडजोड झाली.

मग वॅटचा घोळ. एका खोक्यावर 80, दुसऱ्यावर 150, आणि किंमत जवळपास सारखी. माहितीपत्रक वाचलं तेव्हा कळलं. 80 हा आकडा दोन चॅनल एकदम चालवून, 8 ओहमवर, 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ मोजलेला. 150 वाला एकच चॅनल, 6 ओहमवर, एकाच सुरावर, तोही आवाज 10 टक्के फाटेपर्यंत. एकीने पीठ चाळून मोजलं, दुसरीने कोंड्यासकट! शिवाय वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो 3 डेसिबलच. आम्ही 80 वाला घेतला.

मला मात्र एकच गोष्ट बघायची होती: मधल्या स्पीकरचा आवाज वेगळा वाढवता येतो का? सिनेमातले बहुतेक संवाद त्याच स्पीकरमधून येतात. प्रवचनाचं रेकॉर्डिंग साधं दोन चॅनलचं असतं, पण सराउंड मोड लावला की डाव्या-उजव्या दोन्हीकडे सारखा असलेला आवाज, म्हणजे बहुतेक वेळा बोलणाऱ्याचा, रिसीव्हर मधल्या स्पीकरकडे वळवतो. तेवढाच चार डेसिबलने वर नेला. पेटी-तबला बराचसा जागेवर राहिला.

जोडणी सोपी आहे. टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हीवर ज्या एचडीएमआयच्या खाचेपाशी 'एआरसी' लिहिलेलं असतं, तिथेच वायर लावा; टीव्हीवरच्या यूट्यूबचा आवाजही त्याच वायरने परत रिसीव्हरकडे येतो. आमच्या खाऱ्या हवेत स्पीकरच्या तारांची उघडी टोकं हिरवी पडतात, ती वर्षातून एकदा कापून नव्याने सोलावी लागतात.

राहिला पालीचा प्रश्न. दुकानदाराला विचारलं, "कमी तापणारा कुठला?" तो हसला. तापतात सगळेच. जाळीवर कापड किंवा मच्छरदाणीचा तुकडा लावला तर यंत्र गुदमरतं. मग मेनूत जाऊन बंद असतानाही सिग्नल पुढे पाठवत राहणारी सोय काढून टाकली, कारण तिच्यामुळेच ते रात्रभर कोमट राहतं. रात्री भिंतीवरचं बटणही बंद करते. कपाटातून काढून उघड्या फळीवर, वर वीतभर जागा सोडून ठेवलंय. सकाळी चालू करण्याआधी टॉर्चने जाळीत डोकावते. ह्या सगळ्याला आईंनी मान डोलावली, तेव्हाच खोकं उघडलं.

पहिल्यांदा लावला तो श्रवणबेळगोळचा 2018 चा महामस्तकाभिषेक. 1981 साली, मूर्तीला हजार वर्षं झाली तेव्हा, आई वडिलांबरोबर तिथे गेल्या होत्या. त्या गर्दीत मंत्र काही ऐकूच आले नव्हते म्हणे. परवा पूर्ण दोन तास हलल्या नाहीत. मध्येच मला म्हणाल्या, "थोडा कमी कर गं, ओरडतोय तो."

मागचे दोन स्पीकर अजून खोक्यातच आहेत. ह्यांची कुरकुर चालू आहे.