लांबणीवर टाकलेली सभा

आश्वासन पुढे ढकलले की लोक ते विसरतात, असा सत्ताधीशांचा समज असतो. आमच्या मराठवाड्याचा इतिहास निराळे सांगतो.

जुलै १९३९ मध्ये हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी राजकीय सुधारणा जाहीर केल्या. योजिलेल्या विधिमंडळात सदस्य ८५, त्यांत निवडून येणारे अवघे ४२. सप्टेंबरात महायुद्ध भडकले आणि तेवढेही लांबणीवर पडले. १९४६ मध्ये योजना बदललेल्या रूपात आली, तेव्हा स्टेट काँग्रेसने निवडणुकीवर बहिष्कार घातला. विश्वास उरला नव्हता. पुढे रझाकारांचा जुलूम आणि सशस्त्र प्रतिकार यांत संस्थान होरपळले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली.

इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सने १६२९ नंतर ११ वर्षे पार्लमेंट बोलावले नाही. १६४२ मध्ये यादवी पेटली. त्या धुमाळीत १६४४ साली त्याने ऑक्सफर्डला स्वपक्षीयांची सभा भरवली आणि तीही काही महिन्यांतच तहकूब केली.

युद्धकाळी सभा भरवणे अवघड, हे आम्हांस मान्य आहे. परंतु ज्यांनी संकट सोसायचे, त्यांचे मत संकटातच विचारायला हवे. घरातील वडीलधाऱ्यांनाही हे लागू पडते.

ज्या स्वामी रामानंद तीर्थांना निजाम सरकारने तुरुंगात डांबले, त्यांनाच १९५७ मध्ये आमच्या या औरंगाबादने, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरने, लोकसभेवर पाठवले. लोक काहीही विसरले नव्हते.