बार्कली: राजाचा किल्ला आणि डॉक्टरची झोपडी

बार्कलीच्या किल्ल्याच्या भिंतीला एक भलंमोठं खिंडार आहे आणि ते बुजवायला मनाई आहे. इंग्लंडच्या यादवी युद्धात, १६४५ मध्ये, पार्लमेंटच्या फौजेनं किल्ल्याला वेढा घातला, शेजारच्या चर्चच्या छपरावर तोफा चढवल्या आणि तिथून मारा करून बालेकिल्ल्याची भिंत फोडली. बार्कली घराण्याच्या हाती किल्ला राहिला, पण फुटलेली भिंत पुन्हा उभारायची नाही या अटीवर. आज तिथं माणूस खाली पडू नये एवढाच ठेंगणा कठडा आहे. पावणेचारशे वर्षं झाली, ज्या राजासाठी ही लढाई झाली त्याचं मुंडकं उडालं, राजेशाही गेली आणि परत आली. अट मात्र पाळली जाते. चर्चच्या दारावर त्याच वेढ्यातल्या गोळ्यांची भोकं आहेत. तीही तशीच ठेवली आहेत.

ग्लॉस्टरशर परगण्यातलं हे गाव ब्रिस्टल आणि ग्लॉस्टर या शहरांच्या मध्ये, सेव्हर्न नदीच्या मुखाजवळ आहे. वस्ती दोन हजारांच्या आसपास. प्रवासी रेल्वे १९६४ मध्ये बंद झाली, त्यामुळे कॅम अँड डर्सली नावाच्या छोट्या स्टेशनवर उतरून मी पुढं टॅक्सी केली. वाटेत दोन्ही बाजूंना सपाट, ओलसर, गच्च हिरवी कुरणं लागतात. ही दूधदुभत्याची जमीन आहे. डबल ग्लॉस्टर चीजसाठी हा भाग शतकानुशतकं ओळखला जातो. इथल्या मूळच्या ग्लॉस्टर गाई गडद तपकिरी रंगाच्या आणि पाठीवरून शेपटीपर्यंत पांढरा पट्टा असलेल्या. आता त्यांची संख्या फार थोडी उरली आहे. ही कुरणं आणि या गाई नीट पाहून ठेवाव्यात, कारण बार्कलीची सगळ्यात मोठी गोष्ट किल्ल्यात घडलेली नाही. ती गोठ्यातून आली आहे.

तरीही पाय आधी किल्ल्याकडेच वळतात. लालसर दगडाचा हा किल्ला लांबून पाहताना धाकात घेणारा वाटत नाही. नॉर्मन सरदारांनी अकराव्या शतकात इथं मातीच्या उंचवट्यावर पहिली गढी बांधली. बाराव्या शतकाच्या मध्यावर, पुढं दुसरा हेन्री म्हणून गादीवर बसलेल्या राजपुत्रानं ती ब्रिस्टलच्या रॉबर्ट फिट्झहार्डिंग या श्रीमंत व्यापाऱ्याला दिली. त्याचेच वंशज आजही इथं राहतात. मध्ये साठेक वर्षांचा खंड पडला होता: पंधराव्या शतकात विल्यम बार्कलीनं मोठमोठ्या पदव्यांच्या बदल्यात इस्टेट राजाला लिहून दिली आणि १५५३ पर्यंत किल्ला राजघराण्याकडे राहिला. याच विल्यमनं १४७० मध्ये शेजारच्या निब्ली ग्रीन इथं वारसाहक्काच्या वादातून लॉर्ड लाइलला लढाईत मारलं. दोन सरदारांनी आपापली खासगी फौज घेऊन इंग्लंडच्या भूमीवर केलेली ती शेवटची लढाई मानली जाते.

आत गेल्यावर एका खोलीत सगळेच थबकतात. जाळीच्या अलीकडून पाहायची ती छोटी, जाड भिंतींची खोली, आणि जवळच खाली गेलेला खोल अंधारा खड्डा. दुसरा एडवर्ड या पदच्युत राजाला इथं ठेवलं होतं, असं सांगतात.

राणी इझाबेला आणि तिचा साथीदार रॉजर मॉर्टिमर यांनी जानेवारी १३२७ मध्ये एडवर्डला गादीवरून खाली ओढलं आणि चौदा वर्षांच्या मुलाला राजा केलं. एप्रिलमध्ये एडवर्डला बार्कलीत आणलं गेलं. किल्ल्याचा मालक थॉमस बार्कली हा मॉर्टिमरचा जावई, म्हणजे कैदी अगदी घरच्या माणसाच्या हाती सोपवला होता. २१ सप्टेंबर १३२७ ला राजा इथं मरण पावला असं जाहीर झालं. तीन वर्षांनी मॉर्टिमर फासावर गेला आणि थॉमसची चौकशी झाली, तेव्हा त्यानं पार्लमेंटपुढं दिलेलं उत्तर विलक्षण होतं: राजा मेल्याचं आपल्याला आत्ताच कळतंय! पुढं तो निर्दोष सुटला.

राजाला तापलेल्या सळईनं मारल्याची ती किळसवाणी कथा इथं येणाऱ्या प्रत्येकानं कुठून ना कुठून ऐकलेली असते. ती मृत्यूनंतर काही वर्षांनी लिहिलेल्या बखरींतून पसरली आणि क्रिस्टोफर मार्लोच्या नाटकामुळे अमर झाली. तत्कालीन पुरावा तिला नाही. उलट, एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या माँपेलिए इथल्या दप्तरात फिएस्की नावाच्या इटालियन पाद्र्याचं एक पत्र सापडलं. एडवर्ड पहारेकऱ्याला मारून निसटला आणि इटलीत बैरागी होऊन राहिला, असं त्यात लिहिलं आहे. इतिहासकारांत त्यावर आजही वाद आहे. मला त्या वादापेक्षा थॉमसचं उत्तर जास्त बोलकं वाटतं. सत्ता कोणाची टिकेल याचा भरवसा नसताना माणूस आपल्याच घरात घडलेल्या गोष्टीबद्दल काय बोलतो, ते त्या एका वाक्यात आहे.

किल्ल्याला लागूनच सेंट मेरीचं चर्च. याचा घंटेचा मनोरा मूळ इमारतीला चिकटलेला नाही. तो अठराव्या शतकात पटांगणात वेगळा बांधला आहे. त्याच आवारात डिकी पिअर्स या विदूषकाची कबर आहे. इंग्लंडातल्या शेवटच्या पदरी विदूषकांपैकी तो एक. १७२८ मध्ये किल्ल्याच्या दिवाणखान्यात खेळ करताना तो वादकांच्या सज्जावरून खाली कोसळला आणि गेला. थडग्यावरचा मजकूर गलिव्हरचा लेखक जोनाथन स्विफ्ट याच्या नावावर सांगितला जातो.

चर्चच्या पलीकडे, भिंतीला भिंत लागून, ‘द चँट्री’ हे प्रशस्त घर आहे. इथं एडवर्ड जेन्नर राहत होता.

जेन्नर याच गावचा. चर्चचे पाद्री स्टीफन जेन्नर यांच्या घरी १७ मे १७४९ ला त्याचा जन्म झाला. पाच वर्षांचा असताना आईवडील दोघंही गेले. आठव्या वर्षी त्याला देवी टोचल्या गेल्या, आणि त्या काळी ती साधी गोष्ट नव्हती. रोग्याच्या फोडातला पू निरोगी मुलाच्या कातडीखाली घालायचा आणि सौम्य आजार येऊन निभावेल अशी आशा धरायची, अशी ती पद्धत होती. त्याआधी मुलांना उपाशी ठेवत, रक्त काढत, आणि टोचल्यावर तबेल्यासारख्या जागेत इतर रोग्यांबरोबर कोंडत. काही मुलं त्यातच दगावत. जेन्नर वाचला. ते दिवस तो विसरला नसणार, असं त्याचं पुढचं आयुष्य वाचताना वाटतं.

लंडनमध्ये जॉन हंटर या थोर शल्यविशारदाच्या हाताखाली शिकून तो गावी परतला. हुशार माणसानं राजधानीत राहावं ही रीत. जेन्नरनं ती मोडली आणि खेड्यापाड्यांतून घोड्यावर फिरणारा डॉक्टर झाला. त्याचं कुतूहल मात्र रोग्यांपुरतं नव्हतं. कोकिळेचं नुकतं जन्मलेलं पिल्लू दुसऱ्या पक्ष्याच्या घरट्यातली अंडी पाठीवर घेऊन बाहेर ढकलतं, हे त्यानं बारकाईनं पाहून मांडलं, आणि त्या संशोधनासाठी १७८९ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. १७८४ मध्ये त्यानं किल्ल्यातून हायड्रोजनचा फुगा सोडला होता. तो किंग्जकोट गावाकडे गेला. तिथल्याच कॅथरिन किंग्जकोटशी पुढं त्याचं लग्न झालं.

दूध काढणाऱ्या मुलींना देवी येत नाहीत, हे या कुरणांत सगळ्यांनाच माहीत होतं. गाईच्या आचळांवर फोड येण्याचा एक सौम्य आजार असे, गाईच्या देवी. तो हाताला होऊन गेला की माणूस देवीपासून सुटला, असा अनुभव होता. डॉर्सेटमधल्या बेंजामिन जेस्टी या शेतकऱ्यानं १७७४ मध्येच बायकोला आणि दोन मुलांना गाईच्या देवी टोचल्या होत्या. म्हणून कल्पनेचं श्रेय एकट्या जेन्नरला देणं बरोबर नाही. पण जेस्टीनं आपलं घर वाचवलं. जेन्नरनं तीच गोष्ट पडताळून पाहिली, लिहून काढली आणि जगाला दिली.

१४ मे १७९६ ला त्यानं सारा नेल्म्स या दूधवालीच्या हातावरच्या फोडातला द्रव आपल्या माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलाच्या, जेम्स फिप्सच्या, दंडावर टोचला. साराला तो आजार ब्लॉसम नावाच्या गाईपासून झाला होता. १ जुलैला त्यानं फिप्सला खऱ्या देवीचा पू टोचला. मुलाला काहीही झालं नाही. आज असा प्रयोग कुठलीही समिती मान्य करणार नाही, आणि करूही नये. गरीब माळ्याला नाही म्हणायची कितपत मुभा होती हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. रॉयल सोसायटीनं जेन्नरचा निबंध स्वीकारला नाही, म्हणून आणखी रोगी तपासून त्यानं १७९८ मध्ये तो स्वतःच छापला. पार्लमेंटनं १८०२ मध्ये दहा हजार आणि १८०७ मध्ये वीस हजार पौंड दिले. ब्लॉसमचं कातडं आजही लंडनच्या सेंट जॉर्जेस वैद्यकीय विद्यालयात जपून ठेवलेलं आहे.

चँट्री आता संग्रहालय आहे. नश्तरं, पत्रं, त्याची खोली असं सगळं आहे, पण मी सगळ्यात जास्त वेळ बागेच्या कोपऱ्यातल्या झोपडीपाशी काढला. साल न काढलेली लाकडं आणि ओबडधोबड दगड यांची ही एका खोलीची झोपडी एका पाद्री मित्रानं हौसेनं उभारून दिली होती. जेन्नर तिथं गोरगरिबांना फुकट लस टोचे. तिला तो व्हॅक्सिनियाचं मंदिर म्हणायचा. जगभर आज लहान मुलांना हारीनं बसवून जे फुकट लसीकरण चालतं, त्याची सुरुवात पाहायची तर ती या दारात पाहावी. किल्ल्यात तिकिटासाठी रांग होती. इथं मी बराच वेळ एकटीच होते, आणि त्याचं मला वाईट वाटलं.

इथून मुंबईपर्यंतचा रस्ता सरळ नव्हता. समुद्रमार्गे लस पाठवायचे प्रयत्न फसले, कारण लांबच्या प्रवासात ती निकामी होई. शेवटी व्हिएन्नाच्या डॉ. जाँ द कारो यांनी खुष्कीची वाट धरली. त्यांची लस बार्कलीची नव्हती, मिलानच्या डॉ. साक्को यांनी लोम्बार्डीतल्या गाईंपासून ती मिळवली होती. काचेत आणि मेणात बंद करून ती कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा करत निघाली, वाटेत माणसांच्या दंडांवर ताजी होत राहिली, आणि १४ जून १८०२ ला मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचल्यावर लागू पडली. भारतात देवीची लस यशस्वी झालेली ती पहिली व्यक्ती. तिच्या दंडावरच्या फोडातून मुंबईतल्या आणखी मुलांना, आणि मग हातातून हातात पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास असा प्रवास झाला. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून जेन्नरसाठी वर्गणीही गेली, एकूण सात हजार पौंडांच्या वर. आमच्या आईवडिलांच्या पिढीच्या हातांवर देवी काढल्याचे जे गोल वण आहेत, त्यांची वंशावळ त्या लहान मुलीपर्यंत पोचते. भारतातला देवीचा शेवटचा रोगी मे १९७५ मध्ये सापडला; मे १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं रोग पृथ्वीवरून गेल्याचं जाहीर केलं.

फिप्सला जेन्नरनं गावात एक छोटं घर बिनभाड्यानं राहायला दिलं. १९८५ मध्ये चँट्रीत हलण्याआधी संग्रहालय त्याच घरात होतं. जानेवारी १८२३ मध्ये जेन्नर गेला तेव्हा अंत्ययात्रेत फिप्स होता. जेन्नर चर्चच्या आत वेदीजवळ पुरला आहे, आणि १८५३ मध्ये गेलेला फिप्स बाहेरच्या आवारात.

गावाबाहेर सेव्हर्नच्या काठावर दोन प्रचंड चौकोनी इमारती दिसतात. ब्रिटनच्या पहिल्या व्यापारी अणुवीज केंद्रांपैकी एक इथं १९६२ मध्ये सुरू झालं आणि १९८९ मध्ये बंद पडलं. आत मोहरबंद केलेल्या अणुभट्ट्या उतरवायला अजून काही दशकं लागणार आहेत.

परतीच्या वाटेवर ग्लॉस्टरचं कॅथीड्रल चुकवू नये, कारण बार्कलीची दोन्ही माणसं तिथं आहेत. दुसऱ्या एडवर्डची कबर तिथं आहे, आणि तिच्यावरची संगमरवरासारख्या शुभ्र अलाबास्टरमधली मूर्ती इंग्लंडातल्या सर्वांत सुंदर मूर्तींपैकी एक आहे. जेन्नरचा पुतळा पश्चिमेच्या दाराजवळ उभा आहे. लंडनमध्ये त्याचा दुसरा पुतळा १८५८ मध्ये ट्रफाल्गर चौकात बसवला होता, पण सेनापतींच्या पंगतीत डॉक्टर कशाला, अशी ओरड झाली आणि १८६२ मध्ये तो केन्सिंग्टन गार्डन्समध्ये हलवला गेला. सिंध घेणारा नेपियर आणि १८५७ च्या उठावात लढलेला हॅवलॉक मात्र आजही चौकात आहेत. जेन्नरला परत तिथं आणावं अशी मागणी डॉक्टर मंडळी अधूनमधून करतात. ती मान्य व्हावी, असं मला अगदी मनापासून वाटतं.