बाटली पामचं माहेर

मैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळजणींच्या दारात एखादी कुंडी अशी असते, की तिचं नावगाव आपण कधी विचारलेलंच नसतं. रोपवाटिकेत दिसली, डोळ्यांत भरली, रिक्षात पायांपाशी धरून घरी आणली. आमच्या गच्चीतला बाटली पाम असाच आला. बुंधा बुडाशी गरगरीत, वर निमुळता, डोक्यावर पाच-सहा झावळ्या. "ताई, फॉरेनचं झाड आहे," एवढंच माळीदादांनी सांगितलं. मी मात्र हौसेनं सकाळ-संध्याकाळ तांब्या तांब्या पाणी घालत राहिले. दुसऱ्या पावसाळ्यात झाड पिवळं पडलं.

त्याचं गाव मला सापडलं ते मॉरिशसमध्ये. यजमान निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं आठ दिवसांसाठी तिकडे गेलो होतो. ओळखीतून एका मराठी घरी जेवायचं बोलावणं आलं. १८३४ नंतर उसाच्या मळ्यांवर करारानं राबायला जे हजारो भारतीय बोटीनं तिकडे गेले, त्यांत आपल्या कोकणातलीही माणसं होती. त्यांची नातवंडं-पणतवंडं आता घरात क्रिओल बोलतात, पण गणपती येतो, आरती होते. गणेश चतुर्थीला तर सगळ्या देशाला सुट्टी असते!

त्या घरच्या मावशी सत्तरीच्या. त्यांचं मराठी अडखळत, पण गोड. जेवणाआधी त्यांनी मला परसात नेलं. तुळस, तांबडी जास्वंद, कढीपत्ता, शेवगा. मला वाटलं, देवरुखातच आले की काय! नावं तेवढी निराळी. कढीपत्त्याला तिथे 'कारी पुले' म्हणतात आणि शेवग्याच्या पाल्याला 'ब्रेद मुरुम'. त्याची भाजी मात्र आपल्यासारखीच आवडीनं खातात. आणि कुंपणाच्या कोपऱ्यात होता आमचा बाटली पाम. पण काय त्याचा थाट! पोट तुकतुकीत, झावळ्या कमानदार, खाली पाचोळाभर वाळू.

"मावशी, हा माझ्याकडे पण आहे," मी म्हटलं.

"असेल. पण हा इथला," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आमच्याबरोबर पांप्लेमूसच्या बागेत आल्या. या बागेचं आजचं नाव सर शिवसागर रामगुलाम वनस्पती उद्यान. फ्रेंचांच्या अमलात १७७० च्या सुमारास प्येर प्वाव्र नावाच्या अधिकाऱ्यानं ती वाढवली. फ्रेंचमध्ये 'प्वाव्र' म्हणजे चक्क मिरी! आणि या मिरीसाहेबांनी काम काय केलं, तर डचांनी मलुकू बेटांवर कडेकोट राखलेली जायफळ-लवंगांची रोपं लपूनछपून इथे आणवली. आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या लवंगेच्या प्रवासातलं हे एक मोठं ठाणं. तळ्यात परातीसारख्या काठाची कमळाची पानं तरंगत होती. ही ॲमेझॉनची राक्षसी कमळं. फूल पहिल्या संध्याकाळी पांढरं उमलतं, दुसऱ्या संध्याकाळी गुलाबी होतं.

एका बाटली पामखाली मोठ्या करवंदाएवढी फळं पडली होती. इकडेतिकडे पाहून मी दोन उचलली आणि रुमालात बांधून पर्समध्ये टाकली. खोटं कशाला सांगू, असल्या चोऱ्या मी माथेरान-महाबळेश्वरलाही केल्या आहेत.

मावशींनी ते पाहिलं. "बाय, ते परत ठेव," त्या हळूच म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फळं जिथून घेतली तिथे ठेवली. मग बाकावर बसून त्यांनी जे सांगितलं, ते मी तुम्हाला सांगते.

बाटली पाम मूळचा मॉरिशसच्या मोठ्या बेटावरचाही नाही. उत्तरेला वीसेक किलोमीटरवर समुद्रात राउंड आयलंड नावाचं एक खडकाळ बेट आहे, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. जगात फक्त तिथेच तो आपला आपण उगवायचा. एकोणिसाव्या शतकात माणसांनी त्या बेटावर शेळ्या आणि ससे सोडले. त्यांनी उगवतं प्रत्येक रोप कुरतडलं. जुनी झाडं वादळांत पडायची आणि त्यांच्या जागी नवं उभं राहायचं नाही. माती धुपून समुद्रात गेली. शेवटी रानात वाढलेली मोठी झाडं बोटांवर मोजण्याइतकी उरली. शेळ्या १९७९ मध्ये हटवल्या, ससे १९८६ मध्ये संपवले, तेव्हा कुठे खडकांच्या बेचक्यांतून रोपं पुन्हा तग धरू लागली. आज ते राखीव बेट आहे, आपल्यासारख्या पर्यटकांना तिथे पाऊल ठेवता येत नाही.

म्हणजे गंमत बघा! आपल्याकडे हॉटेलांच्या दारांत जे झाड शोभेला उभं करतात, त्याचं माहेर जवळजवळ ओस पडलं होतं.

क्युरपीपच्या बागेत त्याचा एक चुलतभाऊ पाहिला. त्याच्या जातीचं जगात ज्ञात असलेलं ते एकच झाड. उंच, सडसडीत, आधाराला भोवती सांगाडा उभारलेला. नर आणि मादी फुलं एकाच झाडावर येतात, पण एकाच वेळी उमलत नाहीत. जोडीला दुसरं झाड नाही. प्रयोगशाळेत खटपटी झाल्या, पण टिकणारं रोप काही वाढलं नाही. त्या झाडापुढे आम्ही तिघंही बराच वेळ काही बोललो नाही.

परत येताना विमानात मी मनाशी आमची गच्ची मोजत होते. सदाफुली? शेजारच्या मादागास्कर बेटाची. पानाच्या कडेला पिल्लं फुटणारी पानफुटी? तिथलीच. रस्त्यावरचा गुलमोहर? तोही. त्या सदाफुलीतूनच तर रक्ताच्या कर्करोगावरची औषधं मिळाली. आणि आपण तिला फुकटची म्हणून कुंपणाला लावतो!

आता कामाचं बोलू. तुमच्याकडे 'बाटली पाम' असेल, तर आधी तो खरा आहे का ते पाहा. आपल्याकडे बंगल्यांच्या फाटकाशी दोन्ही बाजूंना उभे असलेले उंचच उंच, पांढुरक्या खोडाचे माड, त्यांनाही लोक बाटली पामच म्हणतात. ते रॉयल पाम, क्यूबाकडचे. खरा बाटली पाम बुटका, पोट अगदी बुडाशी, झावळ्या चार ते आठच. पोट मध्यावर फुगलेलं असेल, तर तो रॉड्रिग्ज बेटावरचा स्पिंडल पाम असण्याची शक्यता जास्त.

त्याला ऊन भरपूर हवं. पोयट्याची माती, जाड वाळू आणि कुजलेलं शेणखत सारख्या मापानं घ्या. कुंडीच्या बुडाला मोठं भोक हवंच. वरची दोन बोटं माती सुकल्याशिवाय पाणी घालू नका. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून ठेवा. माझी चूक तीच होती, मुळं कुजत होती. जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके दिसले, तर बहुधा पालाश कमी पडतंय. पालाशयुक्त खत थोडं थोडं द्या, आणि पान पूर्ण वाळेपर्यंत कापू नका. हिरवी झावळी ओढून तर मुळीच काढू नये, ती आपोआप गळते. नाशिक-नागपूरकडच्या थंडीत कोवळं रोप रात्री आडोशाला ठेवावं. कुंडी वारंवार बदलू नका. फांदी लावून हे झाड होत नाही. बी ताजंच हवं, आणि ते रुजायला कित्येक महिने लागतात, तेव्हा धीर धरा.

आणि परदेशातून बी-रोप पर्समधून आणू नका. त्याला परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. ते उगाच नाही. मॉरिशसचं चांगल्या अवस्थेतलं मूळ रान आज दोन टक्क्यांहूनही कमी उरलंय. माणसांनी हौसेनं नेलेल्या एका जातीच्या पेरूनंच तिथली कितीतरी झाडं गुदमरली आहेत. हवं ते झाड इथल्याच भरवशाच्या रोपवाटिकेतून घ्या, आणि घेताना एवढं विचारा, "याचं गाव कुठलं?"

घरी आल्यावर मी कुंडी उपसली, काळी पडलेली मुळं छाटली, वाळू घालून झाड पुन्हा लावलं. दोन महिने काही हालचाल नव्हती. दिवाळीच्या आधी मधोमध एक नवी सुई वर आली. मी मावशींना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "बरं झालं. आता पाणी कमी घाल."