जुंपणी

बैलगाडीच्या शास्त्रात 'उलाळ' असा एक शब्द आहे. ओझे मागे अधिक झाले की धुरा वर उचलली जाते, जू मानेवरून सुटू पाहते, जोत्यांचा फास बैलांच्या गळ्याला बसतो आणि मुकी जनावरे गुदमरतात. ओझे पुढे अधिक झाले तर सारा भार खांद्यावर येऊन खांदे सुजतात. म्हणून जाणता गाडीवान गाडी भरून झाली की बैल आणण्यापूर्वी धुरा हाताने उचलून पाही. ती किंचित जड लागली पाहिजे, हलकी मुळीच नव्हे. फोंड्याकडे जत्रेला येणाऱ्या गाड्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर हा शब्दही बहुतेकांच्या जिभेवरून उतरला. मोटारीमागे ट्रेलर जोडण्याचा प्रसंग आमच्यावर आला, तेव्हा मात्र तोच आमच्या उपयोगी पडला.

बेळगावी आमची थोरली आत्या राहते. वयाची नव्वदी उलटलेली, पाठीच्या कण्याने हार खाल्लेली. परंतु माघ शुद्ध पंचमीला कवळ्यास श्रीशांतादुर्गेच्या जत्रेला जायचेच, हा तिचा हट्ट. अर्धा-पाऊण तास बसली की तिला आडवे व्हावे लागते. तिच्या नातवाने पुण्याहून एक लहानसे चाकांवरचे घर आणले: दोन चाके, एक पलंग, एक खिडकी. ते पाहून आत्या हरखली आणि म्हणाली, "म्हाका थंयच न्हिदूंक दिया." ओढल्या जाणाऱ्या गाडीत, ती चालू असताना, माणूस बसवू नये, निजवू तर नयेच; गाडी सुटली तर आतल्याचा वाली कोण? ती मोटारीत बसेल, आणि दर अर्ध्या तासाने थांबून ट्रेलरमध्ये पडेल, असे ठरले. आत्या दिवसभर आमच्याशी बोलली नाही.

जोडणीची रचना साधी असते. मोटारीच्या मागे पोलादी गोळा, ट्रेलरच्या दांडीच्या टोकाला उलटी वाटी. वाटी गोळ्यावर बसवून खटका लावायचा. मेख आहे ती मापात. गोळे निरनिराळ्या व्यासांचे मिळतात: 50 मिलिमीटरचे, 2 इंची, आणि 1⅞ इंची, म्हणजे सुमारे 47.6 मिलिमीटरचे. लहान गोळ्यावर मोठी वाटी सहज बसते, खटकाही लागतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की काम झाले. पुण्याच्या एका दुकानदाराने नेमके हेच करून दिले होते. वाटीवर 50 चा आकडा होता. गोळ्यावरचा आकडा ग्रीसखाली झाकलेला.

ते उघडकीस आले एका परीक्षेने, जी प्रत्येकाने करावी असे आमचे मत आहे. खटका लावून झाल्यावर दांडीखालचा जॅक फिरवून दांडी वर उचलावी. जोडणी पक्की असेल तर मोटारीची मागची बाजूही तिच्याबरोबर वर येते. आम्ही फिरवू लागलो तशी मोटार थोडी हलली आणि 'खट्' असा आवाज होऊन वाटी गोळ्यावरून मोकळी झाली. फरक अवघा अडीच मिलिमीटरांचा, आणि पुढे चोर्ल्याचा घाट! नवा गोळा रात्रीच्या बसने येईपर्यंत एक दिवस गेला. पंचमी हुकते की काय, या चिंतेने आत्याने अन्न टाकले. तरी आम्ही बधलो नाही.

तो दिवस आम्ही ओझे लावण्यात घालविला. नातवाने पाण्याची पिंपे, समाराधनेचे तांदूळ आणि दोन तपेली मागच्या दाराशी रचली होती, कारण काढायला सोपी. म्हणजे शुद्ध उलाळ! ट्रेलर मागे जड झाला की मोटारीची मागची बाजू वर उचलली जाते आणि उतारावर वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे डोलू लागतो. अशा वेळी एकदम ब्रेक मारू नये; सुकाणू सरळ धरून वेग हळूहळू उतरू द्यावा. परंतु ती वेळच येऊ नये म्हणून ओझ्याचा अर्ध्याहून थोडा अधिक भाग चाकांच्या पुढे ठेवतात, आणि दांडीच्या टोकावर एकंदर वजनाचा दहावा हिस्सा, किंवा थोडा अधिक, येऊ देतात. आमचा ट्रेलर भरून सुमारे 600 किलो होता. न्हाणीघरातील वजनकाटा दांडीखाली ठेवून पाहिले, तर तो 25 दाखवी. सामान पुढे सारून 65 वर आणले. त्यापूर्वी हा भार गोळ्याला व मोटारीला सोसतो ना, तेही पाहून घेतले.

दिव्यांची तार, चाकांतील हवा वगैरे नित्याचेच. साखळ्या मात्र दांडीखालून एकमेकींना छेद देऊन अडकवाव्या, म्हणजे वाटी सुटलीच तर दांडी जमिनीत न रुतता त्या झोळीत पडते. वळणावर ताणणार नाहीत आणि रस्त्यावर घासणार नाहीत, इतपत ढील असावी.

ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नव्हता, म्हणून घाट उतरण्यास आरंभ करतानाच मोटार खालच्या गिअरमध्ये घातली. साखळी आणि उसगाव मागे टाकून कवळ्यास पोहोचेपर्यंत आत्या सात वेळा आडवी झाली. तिथली जागा किंचित उतरती होती. रथाच्या चाकाखाली पाचर घालणारे गडी ज्या तत्परतेने वाकतात, तसा नातू वाकला आणि त्याने प्रथम ट्रेलरच्या दोन्ही चाकांना पाचरी दिल्या. साखळ्या, तार आणि खटका त्यानंतर सोडला. आत्या खिडकीतून पाहत होती. "आता तरी देवळात नेणार की आणखी काही मोजायचे आहे?" असे तिने आम्हास विचारले.